आईविरुद्धचा भोंगा

माझी आई डोंबिवलीजवळ दिव्याला बालवाडी चालवते. नळाला पाणी येत नाही म्हणून तिने पालिकेत इतके अर्ज केले, की तिथला शिपाई तिला चहा विचारायचा. गेल्या निवडणुकीत आसपासच्या चाळींनी मिळून तिला अपक्ष उभं केलं. प्रचाराला आई, काही शेजारणी आणि मी. हळदी-साखरपुड्यांत माइकवर निवेदन करणं हा माझा धंदा, त्यामुळे बोलायचं काम माझं. लोक घरात बोलवून बसवत होते. आई निवडून येईल असं मलाही वाटायला लागलेलं.

मतदान जवळ आलं आणि भोंगे लावलेल्या रिक्षा फिरायला लागल्या. आतून एक भारदस्त पुरुषी आवाज सांगायचा, "नळ कोरडे का? टँकरवाल्या बाईंना विचारा. टँकरमागे यांचा वाटा किती, तेही विचारा." नाक्यावर फ्लेक्स लागले. त्यावर आई टँकरच्या ड्रायव्हरशी बोलताना. खरं तर त्या दिवशी ती त्याच्याशी भांडत होती, कारण मागच्या गल्लीपर्यंत पाइप न्यायला तो तयार नव्हता. फोटोत भांडण ऐकू येत नाही.

फ्लेक्सखाली पक्षाचं नाव नव्हतं. कुठल्यातरी नागरिक मंचाचं होतं, आणि तो मंच दिव्यात कोणी पाहिलेला नव्हता. बाकीच्या उमेदवारांना विचारलं तर सगळ्यांनी हात वर केले. निवडणूक कार्यालयातल्या साहेबांनी तक्रार घेतली.

"मॅडम, उमेदवाराने केलं असतं तर त्याच्या खर्चात धरलं असतं. हे बाहेरचे लोक. आधी ते कोण, हे शोधायला लागेल."

"शोधणार कधी?"

"मतदान होऊन जाऊ दे."

आई पडली. पडण्याचं तिने फार मनावर घेतलं नाही. पण बालवाडीतून काही बायकांनी मुलं काढून घेतली. त्यातल्या एकीला आईने कितीदा आपल्या पिंपातलं पाणी दिलेलं. तिनेच दारात विचारलं, "बाई, राग मानू नका, पण टँकरमागे पैसे खरंच मिळायचे का?" त्यानंतर आई बाजारात जायची बंद झाली. हे मी सोडणार नव्हते.

भोंग्यातला आवाज मी पहिल्याच दिवशी ओळखलेला. शहाडला राहणारा, आमच्याच धंद्यातला, मला सीनियर. प्रचाराच्या धावपळीत जमलं नाही, निकालानंतर मी त्याच्या घरी गेले.

"मजकूर आला, मी वाचला," तो म्हणाला. "बाई कोण, मला काय माहीत?"

"माझी आई, दादा."

तो उठला, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग त्याने मानपाड्याच्या एका माणसाचं नाव सांगितलं. त्याची जाहिरातीची कंपनी होती आणि तो मंचही त्याच ऑफिसातून चालायचा. "कोणासाठी केलं ते तो कधीच सांगणार नाही. जो काम देईल त्याचं करतो."

"मला ते रेकॉर्डिंग दे. आणि त्याचा कुठलाही कार्यक्रम तुझ्याकडे आला तर तो मला दे."

वर्षभर वाट बघावी लागली. डोंबिवलीतल्या एका हॉलमध्ये त्याच माणसाचा सत्कार ठरला, समाजसेवक म्हणून. दादाने घसा बसल्याचं सांगितलं आणि आपल्या जागी मला पाठवलं. आईला मी फक्त "माझा कार्यक्रम बघायला चल" एवढंच म्हटलं.

शाल, श्रीफळ, फोटो झाले. मी माइकवर म्हटलं, "आता साहेबांच्या कामाची एक झलक ऐकू." साउंडवाला माझ्या ओळखीचा होता. हॉलभर तो आवाज घुमला. नळ कोरडे का? टँकरवाल्या बाईंना विचारा. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"ही जाहिरात साहेबांच्या ऑफिसातून निघाली," मी म्हटलं. "त्यातल्या बाई समोर बसल्यात. माझी आई आहे. साहेब, वाटा किती होता ते आज सांगून टाका."

मी माइक त्याच्या तोंडासमोर धरला. त्याला घाम फुटलेला.

"हे बघा, ते काम होतं. बाईंशी माझं वैयक्तिक काही नाही."

"पुरावा काय होता?"

"पुरावा बघणं आमच्याकडे नसतं. आम्हाला मजकूर येतो."

मागे कोणीतरी हसलं. पहिल्या रांगेतल्या त्याच्या बायकोने मान खाली घातली. मला तिची दया आली नाही. आयोजकांनी माइक बंद केला तोवर ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलेलं. निम्म्या हॉलने मोबाइलवर घेतलंही.

परतताना रिक्षात आई बाहेरच बघत होती. मला वाटलं, रागावली. मग म्हणाली, "त्याचं तोंड बघितलंस?" आणि हसायला लागली.

त्याने पोलिसांत जायची धमकी दिली, पण गेला नाही. गेला असता तर मजकूर कोणी दिला, हे सांगावं लागलं असतं. व्हिडिओ दिव्यातल्या ग्रुपवर फिरला. दारात विचारणारी ती बाई मुलाला परत घेऊन आली, बाकीच्या आल्या नाहीत. निवडून आलेला खुर्चीत आहे, पाणी तसंच आहे. मला पुढाऱ्यांचे कार्यक्रम मिळायचे बंद झाले, हळदी तेवढ्या चालू आहेत.

आई अजून मधूनच विचारते, "त्याचा पुढचा कार्यक्रम कुठे आहे गं?"

मी चौकशी करत असते.