उजव्या आट्याच्या गोगलगायी

गोगलगाय घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला राग येतो. मासे घ्यायला आलेला माणूस हसत येतो. गोगलगाय घेऊन आलेला पोलिसात तक्रार द्यायला आल्यासारखा येतो. हातात झाकणाची बाटली, तळाला चिकटलेले तांदळाएवढे चार ठिपके, आणि प्रश्न ठरलेला, "हे काय आलंय आमच्या टाकीत?" बावीस वर्षं मी माशांचं दुकान चालवतेय आणि बावीस वर्षं तेच सांगतेय. चपटी, गुंडाळलेल्या पट्ट्यासारखी असते ती चकती. लांबट, टोकदार, दिवसभर वाळूत गाडून घेते ती शंकू. फुगीर, पातळ कवचाची, काचेवरून तुरुतुरु पळते ती डावरी. तिचं टोक वर करून तोंड आपल्याकडे धरलं, की ते डाव्या हाताला येतं. डावरीसारखीच दिसणारी, पण उजवीकडे तोंड असलेली एक असते, ती तळ्यातली. नावं माझीच आहेत, पुस्तकात शोधू नका.

मायक्रॉनकाका पहिल्यांदा आले ते बाटली घेऊनही नाही, हात हलवत आले. "टाकीत गोगलगायी माजल्यात. औषध द्या," म्हणाले. त्या दिवशी नवीन मासे आले होते, पिशव्या पाण्यात सोडायच्या होत्या आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कोणत्या गोगलगायी, किती, कुणाच्या, काही न विचारता मी फळीवरची निळी बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली. "दोन झाकणं टाका. आठवड्यात साफ," मी म्हटलं. आठवड्यात साफ झाल्याही.

त्यांची बायको जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. हे मला पुढे कळलं.

काका यंत्रांच्या कारखान्यात लेथवर होते, छत्तीस वर्षं. बोल्टला, नटाला, पाइपाला आटे पाडायचे. केसाचा दहावा भागही इकडचा तिकडे खपवून घेत नाहीत म्हणून कारखान्यानं त्यांचं नाव मायक्रॉन ठेवलं, आणि ते नाव त्यांच्यामागून गल्लीत आलं. बायको त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर ट्रेसर होती. साहेबांनी काढलेलं चित्र पातळ कागद लावून गिरवायचं, ते खाली खात्यात जायचं. पंचवीस वर्षं तिनं गिरवलं आणि यांनी कापलं. लग्नाच्या आधी दोघांत जे काही बोलणं झालं असेल ते त्या कागदांवरूनच झालं असणार, कारण काका मुळात बोलणारे नव्हेतच.

औषध घालून पंधरा दिवस झाले आणि गादीखाली त्यांना एक वही सापडली. बायको शेवटचे चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. मानेचं ऑपरेशन फसलं होतं, हात तेवढे चालायचे. त्या चौदा महिन्यांत तिनं वहीभर गोगलगायी काढल्या होत्या. शेवटच्या पानावर तीन ओळी होत्या. मासे तुम्ही सांभाळालच. ह्या माझ्या. ह्यांच्याकडे बघणारं दुसरं कुणी नाही.

काकांनी वही मिटली आणि टाकीशी गेले. तळाला पांढरे शंख पडले होते. एकेक चिमट्यानं उचलून त्यांनी मोजले, दोनशे बारा भरले. स्क्रूच्या रिकाम्या डबीत घालून त्यांनी ते जपून ठेवले; ती डबी पुन्हा उघडून बघायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.

हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं नाही. दर शनिवारी थोडं थोडं, काउंटरला टेकून, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं. टाकीला पाठ करून बसलं की मान अवघडते, म्हणायचे. कुणीतरी बघतंय असं वाटतं. हवेच्या पंपाच्या बुडबुड्यांत मधेच 'अहो' ऐकू येतं. पंप बंद केला तर मासे मरतील, चालू ठेवला तर ती हाक. "चालूच ठेवतो," म्हणाले. पलंगावर ते झोपत नसत. दर आठवड्याला चादर बदलायचे आणि स्वतः खाली सतरंजीवर पडायचे. मी एकदा म्हटलं, "काका, पलंग काही चावत नाही." ते म्हणाले, "जागा तिची आहे."

शनिवारी ते यायचे त्याचं कारण वेगळंच होतं. औषधाच्या दोन महिन्यांनी टाकीत पुन्हा बारीक गोगलगायी दिसू लागल्या. काका हरखले. भिंग लावून बसले, आणि एकेकीचा आटा तपासून पार खचले. सगळ्यांचा आटा डावा. वहीतल्या सगळ्यांचा उजवा.

"ह्या तिच्या नव्हेत," त्यांनी मला सांगितलं. "तुमच्याकडून पाला नेला, त्याला चिकटून आल्यात."

"माझ्या पाल्याला नावं ठेवू नका. मी तो धुऊन देते."

"मग कुठनं आल्या?"

अंडी औषधाला दाद देत नाहीत, त्यातूनही आल्या असतील, हे मला सुचायला हवं होतं. पण समोरचा माणूस माझ्या मालाला खोट लावत होता, आणि मला राग आला की माझी अक्कल आधी बाहेर जाते.

मग ते डाव्या वेचू लागले. त्यांचा हिशेब सरळ होता: बाहेरच्या काढून टाकल्या की आतल्या, तिच्या, कुठे दडून राहिल्या असतील तर त्यांना खायला मिळेल, त्या वर येतील. दर शनिवारी बाटली आणून काउंटरवर ठेवायचे. कधी चाळीस, कधी साठ. "जीव आहे, मारवत नाही. तुम्ही बघा काय ते," म्हणायचे. मी बाटली घेऊन मागच्या खोलीत जायची आणि रिकामी करून आणायची. मागच्या खोलीत माझे फुगे मासे आहेत. वाटाण्याएवढे असतात, पण गोगलगाय दिसली की शंखातून ओढून खातात. काकांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. अकरा शनिवार हे चाललं.

अकराव्या शनिवारी बाटलीत सात होत्या. "शेवटच्या," काका म्हणाले. "टाकी आता कोरी झाली. आठ दिवस रोज बघतोय, एकही उजवी नाही. म्हणजे मी मारल्या, त्या सगळ्याच मारल्या. एकदा तुम्ही नीट बघून सांगा, ताई, कोणत्या जातीच्या होत्या. पुन्हा तरी आणता येतील." आणि त्यांनी पिशवीतून वही काढली.

त्या सात मागे नेऊन टाकून मी परत आले तेव्हा वही उघडी होती. असं काम मी पाहिलं नव्हतं. पेन्सिलीची रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. बाजूला माप, उंची आठ मिलिमीटर, वेढे साडेचार. तोंड उजवीकडे होतं, अगदी खरं. पण शिंगं केसासारखी बारीक होती.

"काका, अशी गोगलगाय नसते."

"काय?"

"उजव्या तोंडाची असते तिची शिंगं रुंद, तिकोनी. बारीक शिंगं फक्त डावरीला. हे धड तिचं नाही नि हिचंही नाही. यात चूक आहे."

त्यांचा चेहरा बदलला. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. "ड्रॉइंग चुकत नाही," ते म्हणाले. "माल चुकतो. माल जुळला नाही तर माल भंगारात टाकायचा, ड्रॉइंगला बोट लावायचं नाही. आणि हिचं तर पंचवीस वर्षांत एकदाही परत गेलं नाही. समोर दिसेल तेच काढायची. पदरचं काही घालायची नाही. ट्रेसरचं कामच ते."

"मग मला टाकी दाखवा," मी म्हटलं. खरं सांगते, दया वगैरे नव्हती. डावऱ्या मी हजारांनी पाहिल्यात, आणि मला कुणी न पाहिलेली गोगलगाय दाखवतोय म्हटल्यावर माझ्याच्यानं राहवेना. दुपारी दुकान ओढून घेतलं आणि त्यांच्याबरोबर गेले.

एकच खोली, पलीकडे स्वयंपाकाचा ओटा. भिंतीशी लोखंडी पलंग, उशाला गज, आणि गजांच्या मागे, भिंतीला लागून टाकी. चादरीला एक सुरकुती नव्हती. पंपाचे बुडबुडे सोडले तर खोलीत आवाज नव्हता. मी टाकीत वाकून बघितलं. मासे तेवढे होते. मग मी पलंगाकडे बघितलं आणि टाकीकडे बघितलं.

"काका, टाकी त्यांच्या डोक्यामागे?"

"प्लगचं बटण इथंच आहे. ती म्हणायची, पायाशी आणा, समोर दिसेल. दोनशे लिटर पाणी उपसायचं, स्टँड हलवायचं. मी ओव्हरटाइमवर. उद्या करू, रविवारी करू... राहून गेलं."

"त्यांना मान वळवता यायची?"

"नाही."

"मग त्यांनी ह्या बघितल्या कशा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांभाळायला बाई यायची. तिनं वाटीत काढून समोर धरल्या असतील," ते म्हणाले. पण म्हणता म्हणताच त्यांचा आवाज खाली गेला. शेजारच्या घडवंचीवर त्यांनी बायकोला लिहायला केलेली तिरकी फळी होती. फळीच्या वरच्या दांडीला एक रबर गुंडाळलेलं होतं, वाळून तडकलेलं. मी खण उघडला. कंगवा, मलमाची नळी, आणि तळहाताएवढा आरसा. आरशाच्या मुठीवर रबराचा वळ उठला होता.

आरसा हातात घेऊन मी वहीचं पहिलं पान त्याच्यासमोर धरलं. आरशात बारीक शिंगांची गोगलगाय होती, आणि तिचं तोंड डावीकडे होतं. कुठं काही चुकलेलं नव्हतं. तिला आरशात जे दिसलं ते तिनं काढलं, यांनी कागद पाळला, आणि या दोघांच्या इमानदारीत ती बिचारी जनावरं गेली.

काका बराच वेळ वही नि आरसा, वही नि आरसा करत राहिले. चौदा महिने ती आरशात बघत होती आणि त्या आरशाबद्दल एकदाही बोलली नव्हती. बोलली असती तर यांना टाकी हलवावी लागली असती. मग त्यांनी विचारलं, "ताई, त्या बाटलीतल्या कुठं आहेत?"

खोटं बोलायला मला काय झालं होतं? दुकानात डावऱ्यांचा सुकाळ आहे, मूठभर आणून दिल्या असत्या तर यांना काय कळलं असतं! पण तोंडातून निघालं ते खरंच निघालं.

"माशांना घातल्या. फुग्यांना."

"आजच्या?"

"आजच्या. सगळ्याच. दर शनिवारी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. मग चपला काढल्या, चादरीवर हात फिरवला आणि पलंगावर आडवे झाले. पहिल्यांदाच. उशीवर डोकं टेकवून त्यांनी आरसा वर धरला, तिनं फळीला बांधला असेल तसा, गजांच्या फटीतून टाकीची पलंगाकडची काच दिसेल असा. दुसऱ्या हातानं मनगट धरलं. मला तिथं थांबायची भीती वाटली. कसली ते सांगता येणार नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो, पण आरसा धरलेले ते हात मला त्यांचे वाटेनात. निघावं म्हणून मी पिशवी उचलली.

"आहे," ते म्हणाले.

"काय?"

"एक आहे. खाली, कोपऱ्यात. उभं राहून ही बाजू दिसतच नाही. गजाआड जाते." त्यांनी आरसा किंचित कलता केला. "चालतेय. एकटीच आहे."

"एकटी पुरते," मी म्हटलं. "डावरीला जोडीदार लागत नाही. एकटीच अंडी घालते. महिन्याभरात बघा."

"बरं असतं त्यांचं," काका म्हणाले.

मी डोळे पुसले, पदर खोचला. मला काहीतरी काम हवं होतं. "उठा काका," म्हटलं. "मी दुकानातून पाइप नि बादल्या आणते. आत्ता पाणी उपसू, टाकी पायाशी घेऊ. ती बटणाची वायर मी वाढवून देते. तुम्हाला नीट समोर दिसेल."

त्यांनी आरशावरची नजर काढली नाही.

"नको, ताई," ते म्हणाले. "समोर आणली की ती डावी दिसेल."