गणपतीच्या डोळ्यांची म्हैस

तो मला पेणहून रोह्याला जाताना गाडीत एकदाच भेटला. मांडीवर मोठं चित्र होतं. खाडी, मिठागर आणि बांधावर एक म्हैस. म्हैस थेट माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे गणपतीचे होते.

"पेणला पंधरा वर्षं मूर्तींचे डोळे आखले, ताई," तो म्हणाला. "आता हात दुसरं ऐकत नाय."

कारखान्यातलं ते काम सोडून तो फक्त निसर्गचित्रं काढू लागला होता. त्या दिवशी मुंबईत एक गॅलरीवाला पहिल्यांदाच त्याचं चित्र प्रदर्शनात लावायला तयार झाला होता. अट एकच, म्हैस पुसायची.

"मग पुसा की," मी म्हटलं.

"व्हय, आनि मग चित्रात बघनार कोन?"

माझ्या पिशवीत नुकताच मोठा करून घेतलेला आईचा फोटो होता. आई गेल्यावर लक्षात आलं, तिच्या एकाही बऱ्या फोटोत डोळे उघडे नव्हते. मी त्याला तो दाखवला. निडीला गाडी क्रॉसिंगला थांबली, तेव्हा त्याने काळ्या रंगाची डबी उघडली आणि मी नको म्हणेपर्यंत आईचे डोळेही उघडले.

जन्मभर कुणाचं कौतुक न केलेली आई आता भिंतीवरून सगळ्यांना आशीर्वाद देते. वीस वर्षं तिच्याशी अबोला धरलेली मावशी परवा फोटोपुढे नवस बोलून गेली.

मावशीची पाठ वळल्यावर मीही एक बोलले: त्याची म्हैस प्रदर्शनात लागू दे.