सातबारा नसलेल्यांचा नंबर

पुष्पाताई गेली हे मला तिच्याच नंबरवरून कळलं. फोनवर नाव तिचं दिसलं, आवाज मात्र तिच्या सुनेचा होता... "मावशी, आई गेली."

ताई माझी मावसबहीण. आंबागडला दिलेली, घरची थोडी धानाची शेती. मोबाइलवर पीकसल्ल्याची सेवा निघाली तेव्हा गावात सगळ्यांत आधी तिनं नाव नोंदवलं. रोगट पानाचा फोटो पाठवायचा, तज्ज्ञ बोलून उत्तर देणार. वाचता येण्याचीही गरज नाही. सोय चांगलीच होती, मी नाकारत नाही. पण नोंदणीला सातबारा हवा! आता रोवणी कोण करतं? निंदण कोण करतं? धानाच्या बुडाशी बसून रस शोषणारा तुडतुडा आधी कोणाला दिसतो? बायांनाच ना? आणि जमीन कितीजणींच्या नावावर असते? कुणी ठेक्यानं करते, कुणाच्या सातबाऱ्यावर अजून सासऱ्याचं नाव. ताईनं सरळ मार्ग काढला. सगळ्यांचे फोटो ती आपल्या नंबरवरून पाठवू लागली. उत्तर आलं की सगळ्यांना मोठ्यानं ऐकवायची आणि वर आपल्या बोलीत समजावायची, "आधी बांधीतलं पानी काहाडा, मंग फवारा."

एका हंगामात त्या सेवेनं तिचा नंबर आपल्याकडे बंद केला. एकाच शेतकऱ्याच्या एवढ्या तक्रारी कशा, म्हणून तो गैरवापर ठरला. सेवेच्या कार्यालयात मी तिच्यासोबत गेले होते.

"साहेब, रोग त खराच हाय ना?" तिनं विचारलं.

"नियम आहे," साहेब म्हणाले. तुडतुडा जणू सातबारा पाहूनच बसतो!

परतताना बसमध्ये ती पुटपुटली, "नंबर माहा, पान यशोदीचं. यायले काहून दुखते?" शेजारच्या यशोदाची ठेक्यानं केलेली धानाची बांधी त्याच पंधरवड्यात तुडतुड्यानं जळाली. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

ताईच्या शोकसभेला तेच साहेब आले. ताईनं तंत्रज्ञान शेवटच्या माणसापर्यंत नेलं, म्हणाले. मी उठून विचारलं, "मग तिचा नंबर का बंद केला होता?" साहेब पाणी प्यायले... आणि सभा आटोपली.

ताईच्या घरी ओसरीत खांबाजवळ उजेड चांगला येतो. डाग नीट दिसावेत म्हणून ताई तिथं पांढऱ्या पदरावर पान ठेवून फोटो काढायची. सभेनंतर साहेब तिथं चहा घेत असताना यशोदा धानाचं पान घेऊन आली आणि सवयीनं तिथंच उभी राहिली. सून पदर पसरू लागली, तोच साहेबांनी पान मागून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?"