गयाक्काच्या दाराला कुलूप नव्हतं

गयाक्का गेली तेव्हा मी तिच्याच खोलीत, तिच्याच शिलाई मशीनपुढं बसले होते. जालन्याहून आलेली तिची लेक संगीता दवाखान्यात होती, तिनंच फोन केला. "वैनी, आई गेली." मी म्हटलं, "बरं." बरं! माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण तोंडून तेच निघालं. मग उठून पंखा बंद केला, परत लावला... पाच आठवडे झाले. अजून आत काही हललेलं नाही. स्वयंपाक करते, खाते, झोपते.

आमची इमारत गुलमंडीच्या मागच्या बोळात. खाली कापडाची दुकानं, वर लाकडी गॅलरी. गॅलरीच्या एका टोकाला आम्ही मालक, दुसऱ्या टोकाच्या खोलीत गयाक्का भाडेकरू. मी लग्न होऊन आले तेव्हा खोली खाली करण्यावरून सासऱ्यांचा आणि तिचा खटला चालूच होता. सासरे गेले आणि तो वारसाहक्कानं माझ्या नवऱ्याकडं आला. कोर्टात हे दोघं एकमेकांकडं बघायचे नाहीत, आणि इकडं माझी न् अक्काची भाजीच्या वाटीची देवाणघेवाण चालायची. कारल्याची भाजी तिच्यासारखी मी कुणाच्या हातची खाल्ली नाही.

अक्का दौलताबादची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा खालच्या दुकानात हमाल होता. तो लवकर गेला, पण जाताना बजावून गेला, दाराला कुलूप दिसू देऊ नको. आपल्या कुलपावर मालकानं त्याचं कुलूप ठोकलं की खोली गेली समज. या बाईनं ते जन्मभर पाळलं. साड्यांना फॉल लावून, पिको करून पोट भरलं, ते दार सताड उघडं टाकून. खाली उतरली तर संगीताला बसवून उतरायची. संगीताच्या लग्नाचा मांडवसुद्धा तिनं बोळातच, आपल्या खिडकीखाली घातला. व्याही म्हणाले, कार्यालय घेऊ. "मंग माझी खोली कोण राखंल, तुमी?" असं तिनं त्यांना सुनावलं म्हणे. हे तिनंच सांगितलेलं, तेव्हा थोडं तिखटमीठ असणारच. लेक सासरी गेल्यावर मात्र बाहेर जाणंच संपलं. भाजी घ्यायची तीही गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून. मी चिडायचे. "अक्का, एक दिवस वेरूळला चला माझ्याबरोबर. देवदर्शन होईल." ती दोरा दातानं तोडत म्हणायची, "मालकीणबाई, तुमच्याच घरच्या भ्यानं तर बसले हितं!"

तिचा भाऊ सखाराम अधूनमधून यायचा, पिशवीभर पेरू घेऊन. दारातूनच ओरडायचा, "हाय का आमची कोंडवाड्यातली शेळी?" मग दोघं बहीणभाऊ उंबऱ्यावर बसून पेरू खायचे, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. त्या दिवशी ती मला लहान पोरीसारखी दिसायची.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी ती आमच्या दारात आली. डोक्यावरचा पदर नीट घेतलेला, हातात पिशवी. सखाराम शेवटच्या घटका मोजतोय, असा निरोप आला होता. "पोरी, तू माझ्या खोलीत बस. दुपारच्या बसनं वापस येते. नुसतं त्याचं तोंड बघते."

मी आत गेले. यांना सांगितलं. हे दाढी करत होते, आरशातच म्हणाले, "बस की. ती बोळ ओलांडून गेली की मी कुलूप लावतो."

मी बाहेर आले आणि म्हटलं, "अक्का, मला नाही जमणार."

का, ते सांगितलं नाही. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? तिनं विचारलंही नाही. "बरं बाई," म्हणाली आणि गॅलरीतून परत गेली. थोड्या वेळानं मशीनचा आवाज सुरू झाला. सखाराम संध्याकाळी गेला. त्यानंतरही वाटी येत राहिली, पण तिनं मला पुन्हा कधी पोरी म्हटलं नाही.

या वेळी तिला दवाखान्यात नेलं तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. उठले आणि तिच्या खोलीत जाऊन बसले. आठ दिवस बसले. हे म्हणाले, "तू नेमकी कुणाच्या बाजूची?" एकदा तिला भेटायला गेले, तेवढा वेळ संगीताला खोलीत बसवून. अक्कानं डोळे उघडले. "दार?"

"उघडं आहे अक्का. मी रोज बसते."

तिनं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "आता बसतीस व्हय..."

तेवढंच. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नर्स आली, मी बाजूला झाले, राहून गेलं.

तेराव्यानंतर संगीतानं मशीन नेलं आणि खोली आमच्या हवाली केली. इमारत धोकादायक असल्याची नोटीस कधीचीच लागलेली आहे. पुढच्या महिन्यात पाडणार, दुकानांचं नवं संकुल होणार म्हणतात. परवा हे नवं कुलूप घेऊन आले. दार ओढलं, बाहेरची कडी धरली, आणि ती हलेना. दर दिवाळीला अक्का स्वतः दाराला ऑइलपेंट द्यायची, कडीसकट. कडी फळीला जी चिकटली होती, ती दोन्ही हातांनी ओढून सुटेना. यांनी किल्लीच्या टोकानं खरवडलं. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली परत हिरवा.

"ही काय आजची नाही," हे म्हणाले. "पंधरा-वीस वर्षं तरी हललेली नसणार."

ते हातोडी आणायला गेले. मी तिथंच उभी राहिले. म्हणजे त्या सकाळी मी हो म्हटलं असतं, तिच्या खोलीत बसले असते, हे कुलूप घेऊन आले असते... तरी ते लागलं नसतं. अक्का भावाचं तोंड बघून दुपारच्या बसनं परत आली असती.

संगीता, हे तुला तोंडावर सांगायला मला जमलं नाही, म्हणून लिहिलं.