गेटवरचं टेबल

पुण्याजवळ रावेतला आमच्या सोसायटीत इंटरनेट पुरवणारा एकमेव माणूस तिथल्या मूळ गावातलाच. तक्रार केली की कोपराभोवती वायर गुंडाळत शांतपणे म्हणायचा, “वरूनच प्रॉब्लेम हाय, ताई. बॉक्स बंद करून चालू करा.” मी चाकणच्या एका कंपनीचं काम घरून करते. मीटिंगमध्ये तीनदा आवाज गेल्यावर साहेबांनी बजावलं, आता असं झालं तर रोज ऑफिसला यायचं. म्हणजे दिवसाचे चार तास ट्रॅफिकमध्ये.

गेल्या महिन्यात एका नव्या फायबर इंटरनेट कंपनीने गेटवर टेबल मांडून पत्रकं वाटली. दुसऱ्याच दिवशी हा आमचा जुना इंटरनेटवाला न बोलावता शिडी घेऊन हजर. थेट घरापर्यंत फायबरची केबल ओढली, बॉक्स बदलला. स्पीड तिप्पट झाला.

“हे आधी का नाही केलंत?” मी विचारलं.

तो जराही ओशाळला नाही. “तवा तुमी कुटं जाणार होता, ताई?”

इतक्या खरेपणापुढे भांडण टिकत नाही. मी चहा टाकला.

सोमवारची मीटिंग शेवटपर्यंत नीट चालली. चाकण टळलं. नव्या कंपनीचं पत्रक मात्र मी बॉक्सशेजारीच चिकटवून ठेवलंय. तो आला की त्याला पहिलं तेच दिसतं.