दाराशी थांबणाऱ्या अक्का

पुरुषानं बोलावलं म्हणून अक्का कुणाच्या घरात कधी शिरल्या नाहीत. मी दहादा 'या' म्हटलं तरी चपला घालून दाराशी उभ्या. माझ्या बायकोनं, काशीनं, आतून हाक मारली की मगच चपला काढायच्या. म्हणायच्या, "घर बाईचं, मेस्त्री. तुम्ही नुसतं बांधलंत." राग यायचा. अजून येतो.

बांधलं मात्र खरंच मी. तंजावूरला राजवाड्यामागच्या गळक्या खोल्यांत आम्ही चौदा कुटुंबं राहायचो. अक्कांनी कचेऱ्या झिजवून ओरत्तनाडूच्या रस्त्याला जागा मिळवली आणि विटा आमच्याच हातांनी रचून घेतल्या. मी गवंडी, म्हणून मेस्त्री झालो. पण जागेचे पट्टे सगळे बायकांच्या नावे! मी भांडलो, "घाम माझा नि नाव तिचं?"

"तुम्ही पिऊन विकाल. ती विकणार नाही."

"मी पीत नाही, अक्का."

"मग भीती कसली?"

पुढं अक्कांनी त्याच बायकांना घेऊन अप्पळांचं, म्हणजे पापडांचं, काम काढलं. तेव्हा दुकानात मोठ्या कंपन्यांची चकचकीत पाकिटं येऊ लागली होती. लोक हसले. अक्का दुकानदाराला कंपनीचं नि आमचं, दोन्ही अप्पळं तळायला लावायच्या. "डोळ्यांनी नको, दातांनी निवड." आमची खपली.

ते बायकांवर सोपवलं आणि मद्रासच्या एका इंजिनियराच्या मागं लागून हृदय तपासायची पेटी करवून आणली. छातीला तारा लावल्या की रेघांचा कागद बाहेर यायचा, तो डॉक्टरकडं जायचा. काशी ती पेटी घेऊन पार तिरुवैयारूपर्यंत हिंडली. गावच्या बायांना तारा लावल्या, स्वतःला नाही.

तिला चालताना दम लागायचा. एका सकाळी अक्का पेटी घेऊन दाराशी आल्या. "काशी, आज तुझा नंबर."

मी मधे उभा राहिलो. "माझ्या बायकोची छाती कुणी बघायची नाही."

अक्का माझ्या खांद्यावरून काशीकडं बघत राहिल्या. काशीनं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली. हाक मारली नाही. अक्का पेटी उचलून गेल्या.

पंधरा दिवसांत काशी चुलीपुढं पडली, ती पडलीच.

तेराव्याला अक्का आल्या तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडलो, "कलेक्टरला घाबरली नाहीस, मला काय घाबरलीस? ढकलून आत का नाही आलीस?"

"चुकलं माझं," म्हणाल्या. माझी चूक काढली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग पेटी उघडली. "सदरा काढा." विचारलं नाही, सांगितलं. तारा लावल्या, कागद निघाला. तो डॉक्टरला दाखवून संध्याकाळी परत आल्या. "ठणठणीत आहे तुमचं, मेस्त्री," म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून अक्का हाकेसाठी थांबल्या नाहीत. सरळ आत शिरायच्या. नवरे शिव्या घालायचे, मी पेटी धरून मागं उभा, त्या नवऱ्यांना दुप्पट घालायचो.

आता अक्काही गेल्या. हे माझं लेकाचं काळीज अजून ठणठणीत चालतंय.