लाल दोऱ्याच्या बाटल्या

डोणगावात पुष्पांजलीला सगळे ‘तेलवाली मॅडम’ म्हणतात. तिला हे नाव मुळीच आवडत नाही, पण गावाचं तोंड कोण धरणार? मेहकरच्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवते. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्ट्या लागल्या की हात हलवत घरी. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, आणि पीएच.डी.साठी या बाईनं विषय निवडला तो जवसाच्या तेलाचा.

जवसाचं तेल मोठं गुणाचं, पण स्वभावानं नाजूक. घाण्यातून निघालं की त्याला हवा बाधते, उजेड बाधतो, आणि आपला वऱ्हाडातला उन्हाळा तर बाधतोच. बघता बघता खवट होतं. ज्या घरांत एकेकाळी जवसाच्या तेलाशिवाय घास उतरत नव्हता, तिथं आता सोयाबीन तेलाची पाकिटं आली ती याच कारणानं. पुष्पांजलीचं म्हणणं असं, की तिळाच्या पेंडीतून काढलेला अर्क थोडासा मिसळला तर हे तेल जास्त टिकेल. किती टिकेल, ते मोजायचं. आणि मोजायचं तेही प्रयोगशाळेच्या गारव्यात नाही, तर साध्या शेतकऱ्याच्या घरात, जिथं पंखा असतो आणि वीज नसते.

म्हणून लग्न होऊन ती डोणगावला आली तेव्हा तिच्या रुखवतामागोमाग बाटल्यांची खोकीही आली. मधल्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात तिनं त्या दोन रांगांत मांडल्या. मागच्या रांगेत नुसतं तेल. पुढच्या रांगेत अर्क घातलेलं, आणि ओळखायला गळ्याशी लाल दोरा. उजेड लागू नये म्हणून सगळ्यांना काळा कागद गुंडाळला. दर महिन्याला एक लांब काचेची नळी बाटलीत सोडायची, थोडं तेल ओढायचं आणि कॉलेजात नेऊन ते किती बिघडलं हे तपासायचं. बाटली हलवायची नाही, उचलायची नाही, कारण हलवली की तेलात हवा मिसळते.

हा सगळा थाट चालला असताना तिचे सासरे किसनराव कपाटाच्या दाराशी येऊन उभे राहिले. किसनराव दुष्ट माणूस नव्हे. सुनेला शिकू देतो म्हणजे आपण फार पुढारलेले, असं ते मनापासून मानत. ते म्हणाले, “हे तेल हाये तवरक शिक बाई. तेल सरलं का हे खूळ बी सरलं. मंग राजकुमारच्या दुकानात बसायचं.”

राजकुमार, तिचा नवरा, हसला. त्याचं स्टँडवर कृषी सेवा केंद्र आहे आणि त्याला गल्ल्यावर बसणारं घरचं माणूस हवंच होतं. पुष्पांजलीही हसली, कारण नव्या घरात नवी सून हसते. तिची सासू झुंबरबाई तेवढी हसली नाही. किसनरावांचा शब्द म्हणजे काय, हे तिला त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. एकदा बोलले की ते मागं घेत नसत, आणि बोललेलं पाळण्याचा त्यांना फार अभिमान होता.

मग दिवस सुरू झाले. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे, मेहकरच्या बसला लोंबकळायचं, परत येऊन पुन्हा चूल. लेक छकुली झाली तशी झोपही गेली. पाहुणे आले की किसनराव तिला डिश घेऊन बाहेर बोलवत आणि “आमची सून डॉक्टर होऊन राह्यली, तेलाची” असं सांगत, पाहुणे हसत. त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच ठिकाण होतं, ते कपाट. दार उघडून नळी हातात घेतली की तेवढा वेळ तिला श्वास घेतल्यासारखं वाटे.

घरात दुसरं एक तेल येत असे, तेही जवसाचंच. झुंबरबाईचा भाऊ कडूबा अमडापूरला घाणा चालवतो. तो दर महिन्याला बहिणीसाठी किटलीभर ताजं तेल आणी. “गुडघ्याले लावासाठी,” झुंबरबाई सांगे. एवढं तेल पिऊनही तिचे गुडघे काही सुधारत नव्हते. राजकुमार तर म्हणे, आईच्या गुडघ्यांना मोटारीपेक्षा जास्त ऑइल लागतं.

इकडे पुष्पांजलीच्या संशोधनाला असा रंग चढला की तिचा तिलाच विश्वास बसेना. मागच्या रांगेतलं तेल पहिल्याच उन्हाळ्यात खवटलं. लाल दोऱ्याचं मात्र पहिला उन्हाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, तरी ताजंच्या ताजं. तिचे मार्गदर्शक शेखर सर अमरावतीला असतात. ते म्हणाले, “इतके सरळ निकाल माझ्या उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत.” त्यांनी लगोलग शोधनिबंध छापून आणला, आपलं नाव आधी घालून. सुलतानपूरच्या गीताबाईंच्या बचत गटानं त्यावरून जवसाचं तेल विकायचं ठरवलं. पुष्पांजलीचा अर्क घातलेलं, वर्षभर टिकणारं.

प्रबंध द्यायची मुदत विद्यापीठानं वाढवून दिली होती, तीही संपत आली. सर म्हणाले, उरलेल्या बाटल्या घेऊनच या, परीक्षकांना दाखवू. त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. पुष्पांजलीनं कपाट उघडलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा बाटल्यांवरचे काळे कागद सोडवले.

मागच्या रांगेत तेल तळाला गेलेलं. पुढच्या रांगेत, लाल दोऱ्याच्या बाटल्यांत, तेल गळ्यापर्यंत भरलेलं.

ती खाली बसली. दोन्ही रांगांतून तिनं सारखंच तेल काढलं होतं. मग याचा अर्थ काय, हे समजायला रसायनशास्त्रही लागत नव्हतं. इतके दिवस ती ज्याला न बिघडलेलं तेल समजत होती, ते दर महिन्याचं नवं तेल होतं. आणि दर महिन्याला नवं तेल घरात कुणासाठी येतं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

झुंबरबाई शेतातून आली तेव्हा सून कपाटासमोर बसलेली होती.

“आत्याबाई, यात तुम्ही तेल टाकत होत्या का?”

“हाव,” झुंबरबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला की जणू कुणीतरी शेवटी विचारलं. “खाली होऊ देल्ली नाई मी लाल दोऱ्याची एकबी. तू नळीनं काढे, मी तेवढंच भरून ठेवो. कडूबाचं तेल. जवसात जवसाचंच टाकलं बाई, तेवढं समजते मले.”

“काऊन पण?”

“काऊन म्हंजे? तुह्या मामाजीनं सांगतलं नोतं का, तेल सरलं का शिक्षण सरलं? त्यायचा शब्द म्हंजे शब्द. मले सातवीतून काढलं मह्या बापानं. तुहं तसं होऊ द्याचं नोतं मले.”

पुष्पांजलीला ओरडायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, “मग मागच्या बाटल्यांत का नाही टाकलं?”

“त्या तं खवट झाल्या ना! खवट तेलात चांगलं तेल कोन टाकते?” झुंबरबाईला सुनेच्या अडाणीपणाची गंमत वाटली. मग सुनेच्या तोंडाकडं लक्ष गेलं आणि तिचं हसू मावळलं. “काई चुकलं का मह्यं?”

पुष्पांजलीनं तिला समजावून सांगितलं. तेलाचं वय मोजायचं होतं, आणि वर नवं घालत गेलं की वय कळत नाही. सासूनं सगळं शांतपणे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. तिच्यावर रागवावं तर कसं? या घरात आपल्या बाजूचं एकच माणूस होतं, आणि त्यानंच, आपल्याच मायेनं, आपलं सगळं बुडवलं. पुष्पांजलीला रडू आलं नाही.

तिनं सरांना फोन केला. आत्याबाईचं नाव न घेता सांगितलं, की बाटल्यांना सील नव्हतं, तेलात तेल मिसळलं गेलं, चूक माझी. सरांनी एवढंच विचारलं,

“हे आणखी कोणाला माहीत आहे?”

“कोणाला नाही.”

“मग राहू द्या ना, मॅडम. अर्कानं फरक तर पडलाच, थोडा कमी-जास्त. बाटल्या नका आणू, प्रबंध आणा. या वेळी नाही दिला तर नोंदणी रद्द, आणि छापलेला निबंध मागं घ्यावा लागेल. माझंही नाव आहे त्यावर.”

अर्कानं फरक पडलाच होता, हे खरं. लाल दोऱ्याचं तेल आधी टिकलं म्हणून तर झुंबरबाईनं त्यात भर घातली. पण किती टिकलं असतं? एक महिना की दहा? ते आता या जगात कुणीच सांगू शकत नव्हतं. पुष्पांजली त्या आठवड्यात दहा वेळा प्रबंधावर सही करायला बसली आणि दहा वेळा उठली. खोटं दिलं तर डॉक्टर, कायमची नोकरी, या घराच्या उंबऱ्याबाहेर पाय. खरं सांगितलं तर खताच्या दुकानाचा गल्ला. मनाला ती सांगत होती की कुणाचं काय बिघडणार आहे. आणि मनाला ते पटतही चाललं होतं.

तेवढ्यात सुलतानपूरहून गीताबाईंचा फोन आला. “मॅडम, लेबल छापाले देऊन राह्यलो. ‘वर्षभर टिकणारं’ असंच लिवू ना?”

नुसतं हाव म्हणायचं होतं.

“नका छापू, गीताबाई,” ती म्हणाली. “मला माहीत नाही ते किती टिकतं.”

हे बोलून गेली, आणि मग परतीची वाटच उरली नाही. जे गीताबाईंना सांगितलं तेच सरांना आणि विद्यापीठाला सांगावं लागलं. नोंदणी गेली. निबंध मागं घेतला गेला. सर आता तिचा फोन उचलत नाहीत. नव्या मार्गदर्शक मॅडमनी, समता मॅडमनी, तिला घेतलं खरं, पण म्हणाल्या, पहिल्यापासून करावं लागेल.

म्हणजे पुन्हा तेवढीच वर्षं, त्याच घरात. आणि किसनरावांचा शब्द तर होताच. तेव्हा पुष्पांजलीनं त्याच बाटल्या गुपचूप धुऊन, वाळवून नव्या तेलानं भरल्या आणि नवा काळा कागद गुंडाळला. किसनरावांनी एकदा येऊन एका बाटलीचा कागद वर करून पाहिला. “अजून भरेलच हायेत? हे तेल हाये का इहिरीचं पानी?” पण शब्द तो शब्द, ते निमूट ओसरीवर गेले. संशोधनात खरं बोलायचं म्हणून घरात खोटं वागावं लागलं, याची तिला लाज वाटली.

झुंबरबाई दाराशी उभी होती. “आता यात काई टाकाचं नाई मनते तू?”

“थेंबभरही नाही, आत्याबाई.”

“मंग खाली होतीन ना त्या?”

पुष्पांजलीनं कपाटाचं दार लोटलं.

“कुलूप लाव बाई,” झुंबरबाई म्हणाली. “मह्या हाताचा मले भरोसा नाई.”

पुष्पांजलीनं कुलूप लावलं. घरात तिचं शिक्षण बंद पाडायला टपलेली दोन माणसं होती, आणि कुलूप लागलं ते तिसऱ्यासाठी.

पुढच्या महिन्यात ती नळी घेऊन कपाटापाशी गेली. खाली फरशीवर, दाराला अगदी चिकटून, एक तांब्या ठेवला होता. वर झाकण, आत कडूबाचं ताजं तेल, काठोकाठ. तिनं झाकण परत लावलं. मग तांब्या बाजूला सरकवला, कुलूप काढलं, आणि पहिल्या बाटलीचा कागद किंचित सोडवून पाहिला. मागच्या महिन्यात तिनं काढलं तेवढंच, तेल बोटभर खाली उतरलं होतं.